मेंदूतल्या पेशींना सरसकट ‘ब्रेक’ म्हणू नका

उदगीरकर : काल गावच्या ग्रुपवर एका सरांनी टाकलं, ‘कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) 80 टक्के पेशी गाडी पळवतात, 20 टक्के ब्रेक लावतात. ब्रेक गेला की फिट.’ दोन ओळींत उत्तर जमेना, म्हणून इथं लिहायलोय. दारं धरणारा गडी नुसतं पाणी अडवतो का? एका सरीचं तोंड बुजवतो, दुसरीचं फोडतो. ह्या 20 टक्क्यांतली बास्केट पेशी गाडी पळवणाऱ्या पिरॅमिडल पेशीच्या धडाला वेढा घालते आणि ती नेमकी कधी पेटेल, म्हणजे संदेश सोडेल, ते ठरवते. सेकंदाला 30 ते 80 ठोक्यांची गॅमा लय उभी राहते ती मुख्यतः ह्यांच्या जोरावर. त्याच गटातली मार्टिनोटी पेशी पिरॅमिडलच्या वरच्या फांद्यांवर येणारे संदेश दाबते. आणि ‘व्हीआयपी’ नावाची पेशी त्या मार्टिनोटीलाच दाबते, की फांद्या मोकळ्या! ह्याला ब्रेक म्हणायचं?

नीटवाले सर : पोस्ट माझीच. 200 पोरांसमोर उभं राहून व्हीआयपी शिकवा, मग बोला. ह्या पेशी जे रसायन सोडतात त्याबद्दल परीक्षेला ‘गाबा म्हणजे निरोधक’ एवढंच येतं. शिवाय तुमचं सगळं उंदरांवरचं.

उदगीरकर : सगळं नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या माणसाच्या कॉर्टेक्सच्या तुकड्यावर हंगेरीत 2008 ला काम झालंय. एका पिरॅमिडल पेशीच्या एकाच ठिणगीनं शेजारच्या पेशींची साखळी पेटली, आणि पुढची पेशी पेटवणारी होती त्याच 20 टक्क्यांतली शँडेलिअर पेशी, जिला तुम्ही ब्रेक म्हणता.

गोदाकाठ : सर, ‘एवढंच येतं’ ह्या शब्दांनी आमची 2 वर्षं खाल्ली. लातूरला खोली करून राहिलो, शंका विचारली की ‘सिलॅबसच्या बाहेर’. आजही राग जात नाही.

नीटवाले सर : त्याच शिकवण्यातून गावोगावी डॉक्टर झालेत, ते कोण सांगणार? कष्टावर थुंकू नका.

बीडची आई : डॉक्टरांचंच सांगते. माझ्या लेकराला 6 महिन्यांचा असताना तापात फिट आली. शेजारणीनं चप्पल हुंगवली, सासूबाईंनी देवऋषी आणला. तालुक्याच्या डॉक्टरांनी कार्बामाझेपिन हे फिटचं औषध दिलं आणि फिटा दुप्पट झाल्या. पुढं जीन तपासला तर ड्रॅव्हे, जीनमधल्या बिघाडानं येणारा फिटांचा आजार.

उदगीरकर : ताई, ड्रॅव्हेत बिघाड त्या दाबणाऱ्या पेशींच्याच सोडियम चॅनलमध्ये, म्हणजे पेशीत सोडियम शिरायच्या दारात असतो. आणि ती गोळी सोडियम चॅनलच अडवते, म्हणजे आधीच अधू पेशी आणखी ढिल्या पडतात.

परळीवाला : झालं, आता सगळे वाचून गोळ्या बंद करतील! माझ्या चुलतभावानं मनानं बंद केली आणि विहिरीच्या काठावर फिट येऊन पडला. जबाबदारीनं लिहा की!

बीडची आई : बंद करा असं मी कुठं म्हणले? बाकी कित्येकांना तीच गोळी लागू पडते, डॉक्टरांनीच सांगितलंय. जीन तपासेपर्यंत माझं दीड वर्ष गेलं त्याचं काय, तेवढं विचारा.

नीटवाले सर : ताई, माफ करा, हे मला माहीत नव्हतं. पण उदगीरकर, फिट थांबवायला मिडाझोलम देतात, ते गाबाचाच जोर वाढवतं. तिथं तरी ब्रेक म्हणू द्याल का नाही?

उदगीरकर : तिथं म्हणा. तेवढ्यापुरतं.

बीडची आई : त्याचाच स्प्रे उशाला असतो. बुधवारी ताप 101 वर गेला, पहाटेपर्यंत मुठीत धरून बसले होते. वापरायची वेळ आली नाही.