खाणीच्या ढिगाऱ्याखालची जमीन: अहवाल हातात आहे, भाजी लावू की नको?

ओढ्याकाठचा:

नमस्कार मंडळी. आमचं शेत शिसं-जस्ताच्या एका बंद खाणीच्या खालच्या अंगाला आहे. खाण थांबली, पण गाळाचा ढिगारा तसाच पडून आहे. पाऊस झाला की त्याच्या पायथ्यातून तांबूस पाणी झिरपतं आणि आमच्या चरात उतरतं. ऊन पडलं की चराच्या काठावर पांढरट-पिवळी पापडी धरते, बोटानं चुरली की पीठ होतं. चराकडेच्या दोन वाफ्यांत पालक पिवळा पडतो, वरच्या वाफ्यांत हिरवागार येतो. तोच आम्ही खातो. तीन वर्षांची मुलगी दिवसभर तिथेच मातीत खेळते.

हा अहवाल वरच्या वाफ्यांचा. सामू (पीएच, ७ च्या खाली म्हणजे आम्ल) ५.२. शिसं ३४०, जस्त ६१०, कॅडमियम ३.८, सगळं मिलिग्रॅम प्रति किलो. प्रयोगशाळेनं आकडे दिले, पुढे काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही. शेणखतानं भागेल का? मोहरी लावली की ती धातू ओढून घेते म्हणतात, ते खरं का?

मातीवाली:

दादा, आधी मुलीला त्या मातीतून बाहेर काढा आणि तिच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. बाकीचं नंतर. शिसं पिकात फारसं चढत नाही, मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं. पोटात जातं ते धुळीतून, हातांतून आणि नीट न धुतलेल्या मुळा-गाजरांवरून. शिवाय लहान मुलांच्या आतड्यातून ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं.

कॅडमियमचं उलट आहे. ३४० शेजारी ३.८ किरकोळ दिसतो, पण मी वर्षानुवर्षं असे अहवाल वाचतेय आणि तुमच्या अहवालात मला धडकी भरली ती याच आकड्यानं. साध्या शेतजमिनीत कॅडमियम बहुधा १ च्या आत असतं. त्यातलं बरंचसं मुळांवाटे थेट पानात जातं आणि पान मात्र टवटवीत राहतं. चराकडेचा पालक पिवळा पडून निदान सांगतो तरी. हिरवा पालक काहीच सांगत नाही, आणि माणसाच्या मूत्रपिंडात कॅडमियम दशकानुदशकं साठत राहतं. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी असंच झालं. वर कामिओका खाण, खाली भातशेती. हाडं ठिसूळ होऊन बायका वेदनेनं कळवळायच्या, म्हणून त्या आजाराचं नावच ‘इताई-इताई’ पडलं, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ मध्ये सरकारनं कारण मान्य केलं. शेतांतली माती बदलण्याचं काम २०१२ पर्यंत चाललं.

आता सामू. ढिगाऱ्यातल्या पायराइटला, म्हणजे लोखंड-गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. पाण्याचा तांबूस रंग त्यातल्या लोखंडाचा. ५.२ सामूला कॅडमियम आणि जस्त मातीपासून सुटे होऊन मुळांच्या हाती लागतात. चुना देऊन सामू ६.५ ते ७ वर आणलात तर बरंचसं पुन्हा जखडलं जाईल. शेणखत जोडीला चांगलं, पण ते कुजत जातं, एकट्यानं भागणार नाही. आणि वरून आम्ल पाणी उतरतंय तोवर चुना घालणं म्हणजे फुटक्या हौदात पाणी भरणं. आधी ते पाणी शेताच्या वरच अडवा. फक्त शेजाऱ्याच्या रानात वळवू नका.

पाणथळ:

ताईंचं पटतं, एक भर घालतो. अहवालात आर्सेनिकचा आकडाच नाही, तो मागून घ्या. अशा गाळात ते पुष्कळदा असतं. शिसं जखडायला लोक फॉस्फेट देतात, पण त्यानं आर्सेनिक मोकळं होतं. भाताचा विचार असेल तर आणखी पेच आहे: शेतात पाणी भरून ठेवलं की कॅडमियम गंधकाशी जुळून बसतं आणि आर्सेनिक सुटतं, पाणी काढलं की बरोब्बर उलट.

रानवाट:

मोहरीचा हिशेब मी करून पाहिलाय. एक हेक्टरची वरची १५ सेंमी माती म्हणजे साधारण २० लाख किलो. ३.८ वरून १ वर यायला त्यातून साडेपाच किलो कॅडमियम काढावं लागेल. समजा वर्षाला १० टन वाळलेला पाला निघाला आणि त्यात किलोमागे ५ मिलिग्रॅम सापडलं, तर गेलं ५० ग्रॅम. शंभराहून जास्त वर्षं! आणि तो पाला गुरांना घालता येत नाही, उघड्यावर जाळताही येत नाही.

ओढ्याकाठचा:

मनापासून आभार. मुलीचं रक्त उद्या देतोय. पालक उपटून टाकला. एक कबूल करतो, मातीचे नमुने मी जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत कालवले होते. आणि पालकाची थोडी पानं तपासायला ठेवलीत, ती धुऊन पाठवू की तशीच?

मातीवाली:

मग जस्ताचा आकडा थोडा फुगलेला असू शकतो, पुढच्या वेळी प्लास्टिकचं घमेलं घ्या. शिसं-कॅडमियम त्यानं एवढं बदलणार नाही. पानांचे दोन भाग करा. एक धुतलेला, एक तसाच. धुतलेल्यात जे सापडेल ते पानाच्या आतलं, दोन्हींतला फरक म्हणजे धूळ. कॅडमियमसाठी पालेभाजीची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) मर्यादा ताज्या वजनावर किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे, त्यामुळे आकडा ताज्या वजनावरच मागा. आला की इथे टाका, आम्ही वाट बघतोय.