कीवर्ड आधी टूलमध्ये शोधायचे की शेतकऱ्याच्या प्रश्नात?

शिवारपाटी:
शेतीवर मराठीत लिहिणारे बरेच जण कीवर्ड, म्हणजे लोक गुगलवर टाकतात ते शब्द, निवडताना गुगल कीवर्ड प्लॅनरपासून सुरुवात करतात. जाहिरातदारांसाठीचं हे टूल एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो ते दाखवतं. 'सोयाबीन' टाकायचं, मोठा आकडा दिसेल तो शब्द उचलायचा आणि लेख पाडायचा. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. पीक उभं असताना शेतकरी नुसतं 'सोयाबीन' शोधत नाही, तो 'सोयाबीन पिवळे पडले उपाय' असं शोधतो. आणि या एका शोधामागे दोन वेगळी दुखणी असतात. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर बहुधा लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक, जो पांढरी माशी पसरवते. पहिल्याला फेरस सल्फेटची फवारणी, दुसऱ्यात रोगट झाडं उपटायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा. हा फरक प्लॅनरच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपाशी तासभर उभं राहा, शेतकरी गटांच्या व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि त्याखालचे प्रश्न वाचा, तिथे तो लगेच दिसतो. आधी प्रश्न गोळा करा, आकडे नंतर.

गणिताचा माणूस:
साफ असहमत. काउंटरवर दहा जणांनी विचारलं म्हणून तेच हजारो लोक गुगलवर शोधतात असं नाही. अनुदानाची यादी, पीक विम्याची तारीख, बाजारभाव हे दुकानदाराला कोण विचारतं? एकट्या माणसाच्या हातून महिन्याला चार लेख होणार असतील, तर कुठले चार हे आकड्यांशिवाय कसं ठरवायचं? शिवाय गुगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा आलेख काढला की कुठला शोध कोणत्या महिन्यात चढतो ते कळतं. प्रश्नांच्या वहीत हे सापडत नाही.

शिवारपाटी:
ट्रेंड्सचं मान्य. फक्त तिथला ० ते १०० हा सापेक्ष आलेख आहे, शोधांची संख्या नाही. प्लॅनरचं म्हणाल, तर जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला २०१६ पासून तो '१ हजार ते १० हजार' असा पट्टा दाखवतो. दहापट फरकाच्या पट्ट्यावर चार लेख निवडायचे? त्यातला 'स्पर्धा' हा रकानाही जाहिरातदारांमधली चुरस सांगतो. तिथे 'कमी' दिसलं म्हणून आपला लेख सहज वर येईल, असं अजिबात नाही. कित्येक जण इथेच फसतात.

वऱ्हाडची लेक:
मी कापसावर लिहिते. दादा, तुम्ही दोघंही गुगलचा साइट चालवणाऱ्यांसाठीचा सर्च कन्सोल विसरलात. आपलं पान कुठल्या शोधांना दिसलं आणि किती जणांनी उघडलं, याची १६ महिन्यांची नोंद तिथे फुकट मिळते. कृषी विद्यापीठांच्या पत्रकात 'शेंदरी बोंडअळी' असतं, शोधणारे 'गुलाबी बोंडअळी' टाकतात, बरेच जण तेच रोमन लिपीत. २०१७ पासून गुगलवर मराठीत बोलूनही शोधता येतं, त्यामुळे अख्खी वाक्यंच्या वाक्यं येतात. पण म्हणून प्रत्येक रूपासाठी वेगळं पान काढू नका. जवळजवळ सारख्याच शोधांसाठी काढलेली अशी पानं गुगलच्या स्पॅम धोरणात अडकतात. एकच नीट पान करा, त्यात दोन्ही नावं सहज येऊ द्या.

गणिताचा माणूस:
ताई, सर्च कन्सोल उत्तम, पण नव्या साइटवर तो रिकामाच असणार. नवख्याने काय करायचं? मी सांगतो: शोध गुगलवर टाका, खाली येणाऱ्या सूचना टिपून घ्या, मग पहिली दहा उत्तरं उघडून वाचा. सगळीकडे यूट्यूबचे व्हिडिओ आणि जुनी सरकारी पत्रकं असतील तर जागा आहे. तगडे लेख आधीच असतील तर पुढचा विषय घ्या. याला मी संशोधन म्हणतो, आणि त्यात भावनेला जागा नाही.

शिवारपाटी:
पहिली दहा उत्तरं वाचायची, हे शंभर टक्के पटलं. पण ती वाचताना काय शोधायचं हे प्रश्न माहीत असेल तरच कळतं. वरचे लेख पिवळेपणाला सरसकट मोझॅक ठरवत असतील, तर लोहाची कमतरता असलेल्या शेतकऱ्याला ते नको ती फवारणी करायला लावतात. प्लॅनरमध्ये या शोधापुढे आकडा नसला तरी मी तो लेख लिहिणारच.

गणिताचा माणूस:
जरूर लिहा, पण जूनमध्येच टाका. ऑगस्टमध्ये टाकलात तर गुगलवर वर येईपर्यंत शेंगा भरलेल्या असतील.