विहिरींचा नकाशा करायचाय, क्यूजीआयएस कुठून शिकू?

माणदेशी_वर्षा:
नमस्कार मंडळी. मी दहिवडीजवळ पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. गावोगावच्या विहिरींची माहिती आम्ही मोबाइलवर घेतो. अक्षांश, रेखांश, मालकाचं नाव, मे महिन्यातली पाण्याची पातळी. सगळं एक्सेलमध्ये पडून आहे. आता साहेबांना ग्रामसभेत लावायला नकाशा हवाय, आणि त्यात गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळसुद्धा. पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. बटणं बघूनच घाबरले. 'बिगिनर' म्हणून लावलेला व्हिडिओ थोड्याच वेळात रास्टर कॅल्क्युलेटरवर पोचला. माझं शिक्षण बी.ए. मराठी, लॅपटॉप ४ जीबीचा, नेट दुपारी जातं. इंग्रजी वाचून कळतं, भराभर बोललेलं नाही कळत. कुठून सुरू करू?

रेखांश७४:
ताई, मग व्हिडिओच्या नादी लागूच नका. उजवल गांधी यांची 'क्यूजीआयएस ट्युटोरियल्स अँड टिप्स' ही साइट उघडा. प्रत्येक पायरीचं चित्र, खाली दोन ओळी, सरावाचा डेटा तिथेच. नेट असताना पान पीडीएफ करून ठेवा, दुपारी निवांत करा.

पण सगळे धडे करू नका. नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं. रास्टर, उपग्रह-चित्रं, पायथन सगळं शिकायला घेतात आणि स्वतःचा नकाशा राहून जातो. तुम्हाला चारच गोष्टी लागणार: एक्सेलमधले बिंदू आणणं, प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदलणं, बफर (बिंदूभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ) काढणं, छपाईची मांडणी. तेवढेच धडे शोधा आणि त्यांचा डेटा एकदा वापरून झाला की लगेच आपल्या विहिरी घाला.

बिंदू आणताना एक्समध्ये रेखांश, वायमध्ये अक्षांश. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, म्हणून सगळे उलटं भरतात. दहिवडी साधारण १७.७ उत्तर, ७४.५ पूर्व. उलटं झालं की तुमच्या विहिरी थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. पाण्याचा प्रश्न कायमचा मिटला!

एक्सेलमधून सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडा. साधं सीएसव्ही केलंत तर मालकांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

आता वर्तुळ. मोबाइलचे आकडे अंशांत असतात (त्या पद्धतीचा नंबर ईपीएसजी:४३२६). त्यावर थेट बफर काढून ५०० टाकलं की सॉफ्टवेअर ५०० अंश समजतं. आधी तो थर (लेयर) ईपीएसजी:३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) ४३ उत्तर पट्ट्यात, 'रिप्रोजेक्ट लेयर'ने नवा करून घ्या. थराच्या गुणधर्मांत जाऊन नुसतं सीआरएसचं, म्हणजे मोजणीच्या पद्धतीचं, नाव बदलून भागत नाही, त्याने आकडे तेच राहतात. मग बफरमध्ये ५०० म्हणजे खरंच ५०० मीटर. १९९३ च्या भूजल कायद्यात (तो नंतर बदललाय) पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून जे अंतर होतं, तेच दाखवायचं असणार ना? मग इथे ढिलाई नको, लोक ग्रामसभेत बोट ठेवून विचारतात.

वऱ्हाडी_जीआयएस:
वरच्या दादांशी सहमत, फक्त एक पुरवणी. हे वाचून कोणी गडचिरोलीचा नकाशा ३२६४३ मध्ये करायला बसू नका. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला ४४ वा पट्टा लागतो. अमरावती शहर ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये.

आणि व्हिडिओ अगदीच टाकाऊ नाहीत हो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएसची मालिका आहे. एका भागात एकच काम, थांबवत थांबवत बरोबरीने करायचं. आवृत्ती जुनी आहे, त्यामुळे काही बटणं दुसरीकडे सापडतील. डेहराडूनच्या आयआयआरएस या सरकारी संस्थेचे मोफत ऑनलाइन कोर्सही चांगले, पण त्यात सुदूर संवेदनाची (उपग्रहातून जमीन पाहण्याची) थिअरी भरपूर. प्रमाणपत्र हवं असेल तर करा, ग्रामसभा तोंडावर असताना नको.

क्यूजीआयएसच्या स्वतःच्या कागदपत्रांत 'जेंटल इंट्रोडक्शन' नावाचा भाग आहे. उदाहरणं दक्षिण आफ्रिकेची, इंग्रजी सोपं. प्रोजेक्शन म्हणजे काय हे मला तिथे कळलं, कॉलेजात नाही.

माणदेशी_वर्षा:
दोघांचे खूप आभार. बिंदू आले आणि नावंही मराठीत दिसतायत! मागे ओपनस्ट्रीटमॅप लावला, तो डाव्या बाजूच्या 'एक्सवायझेड टाइल्स'मध्ये आधीच होता. वर्तुळही ३२६४३ करून काढलं. आता दोन अडचणी. साहेबांना शेपफाइल (थर साठवायचा एक फाइल-प्रकार) मेल केली, ती त्यांच्याकडे उघडत नाही. आणि जुना गावनकाशा स्कॅन केलेला आहे, तो खाली लावता येईल का?

रेखांश७४:
नुसती .एसएचपी पाठवली असणार. तिच्याबरोबर .एसएचएक्स आणि .डीबीएफ लागतातच, आणि .पीआरजे नसेल तर प्रोजेक्शन कळत नाही. त्यापेक्षा थर जिओपॅकेजमध्ये सेव्ह करा. एकच फाइल, आणि शेपफाइलसारखी रकान्यांची नावं दहा अक्षरांत कोंबावी लागत नाहीत. साहेबांना फक्त बघायचंच असेल तर पीडीएफ पाठवा, विषय संपला.

गावनकाशा लागतो, त्यासाठी क्यूजीआयएसमध्येच 'जिओरेफरन्सर' आहे, स्कॅन केलेला कागद खऱ्या जागेवर बसवायला. नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येतील अशा जागा घ्या: शिवेचे दगड, ओढ्यांचे संगम, जुनी देवळं. डांबरी रस्ते धरू नका, ते नंतर सरकलेले असतात. बिंदू चारही कोपऱ्यांत पसरून घ्या, एकाच वाडीत गर्दी केली तर उरलेला कागद तिरपा बसतो. ग्रामसभा आधी उरकून घ्या, हे काम सावकाश करायचं आहे.