'तंत्रज्ञशाही', 'तज्ज्ञांचे सरकार' आणि 'प्रशासकांची राजवट'

खानापूरहून प्रश्न : 'टेक्नोक्रॅट सरकार', म्हणजे पक्षाच्या नेत्यांऐवजी तज्ज्ञांनी चालवलेले सरकार, याला 'तंत्रज्ञशाही' म्हणावे काय? २०२१ मध्ये आमच्या तालुका पंचायतीची मुदत संपली आणि निवडणूक न होता कारभार आडळिताधिकाऱ्यांकडे (सरकारने नेमलेल्या प्रशासकांकडे) गेला; तीही तंत्रज्ञशाहीच समजावी काय?

बेळगावहून उत्तर : दोन्ही ठिकाणी हा शब्द वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. 'तंत्रज्ञ' म्हटले की मराठी वाचकाला यंत्रांचा जाणकार आठवतो. पण इटलीत नोव्हेंबर २०११ मध्ये, कर्जसंकट ऐन भरात असताना, टेक्नोक्रॅट सरकारचे पंतप्रधान झालेले मारिओ मोंती हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. शिवाय 'शाही' हा प्रत्यय सत्ता कोणाच्या हाती आहे हे सांगतो, आणि इटलीत ती तज्ज्ञांच्या हाती गेली नव्हती. तेथील राज्यघटनेनुसार प्रत्येक सरकारला संसदेच्या दोन्ही सभागृहांचा विश्वास मिळवावा लागतो. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी २०२१ मध्ये पंतप्रधान झाले, परंतु आघाडीतील पक्षांनी साथ सोडताच जुलै २०२२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणून अशा मंत्रिमंडळाला 'तज्ज्ञांचे सरकार' म्हणावे आणि राज्य तज्ज्ञांनीच करावे या विचारसरणीसाठी 'तंत्रज्ञशाही' राखून ठेवावा.

तालुका पंचायतीची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक गंभीर आहे. प्रशासकाची नेमणूक राज्य सरकार करते, त्याचे कौशल्य हा तिचा आधार नसतो आणि त्याला जाब विचारणारे सभागृहच तालुक्यात उरत नाही. बेळगाव महापालिकेतही २०२१ च्या निवडणुकीपूर्वी प्रशासकच होते. गटार तुंबले तर कोणत्या नगरसेवकाचे दार ठोठवावे, हा प्रश्न तेव्हा खराच होता. पंचायतीची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटनेचे कलम २४३-ई सांगते. तेव्हा या स्थितीला 'प्रशासकांची राजवट' असेच म्हणावे. 'तंत्रज्ञशाही' म्हटल्याने लांबलेल्या निवडणुकीला विद्वत्तेचा मुलामा मिळतो.

निपाणीहून पुरवणी : मंत्रिमंडळात एकच तज्ज्ञ असेल, तर 'तज्ज्ञ मंत्री' पुरेसे आहे. मनमोहन सिंग जून १९९१ मध्ये अर्थमंत्री झाले तेव्हा ते खासदार नव्हते. सहा महिन्यांत संसदेचे सदस्य होणे बंधनकारक असल्याने ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आसाममधून राज्यसभेवर निवडून आले.