सेल्फ मारला की नुसती टिकटिक, गाडी स्टार्टच होत नाही

भाऊ, मनीषनगरला राहतो, गाडी आठवडाभर उन्हात उभी होती, आज सेल्फ मारला तर नुसतं टिकटिक होऊन रायलं, इंजिन फिरतच नाही. उद्या आईला दवाखान्यात न्यायचंय, काय पाहू?

— बहुतेक बॅटरी. हेडलाइट लावून सेल्फ मार, लाइट एकदम मंद झाला तर पक्कं समज. आधी निगेटिव्ह वायर काढ, टर्मिनलवरचा पांढरा थर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धू, नट कस. बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लाव, १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज. आपल्या नागपूरच्या उन्हात बॅटरी लवकर जाते.

— लाइट नीट राहून एकच टक्क वाजलं तर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) किंवा सोलेनॉइड (तिला करंट देणारा स्विच) पाहा.

११.८ निघालं भाऊ! शेजारच्या काकांच्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर वायर लावली, झाली चालू.

— आता चालू गाडीत मोज, १३.५ ते १४.५ व्होल्ट आलं तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) ठीक. आईला न्यायच्या आधी बॅटरी दुकानात लोड टेस्ट (ताण देऊन बॅटरी टिकते का ते पाहणं) करूनच घे.