डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळली, गाव अकरा दिवस थांबलं. पुढची तयारी कुठून सुरू करावी?

आर्वीकडची ताई
नमस्कार. आर्वी तालुक्यातल्या सव्वादोनशे घरांच्या गावात राहते, ग्रामपंचायतीची सदस्य आहे. मे महिन्यात आमची डीपी जळली आणि नवीन यायला अकरा दिवस लागले. तिसऱ्या दिवशी टाकी कोरडी पडली, कारण नळयोजनेच्या विहिरीवरचा पंपही त्याच डीपीवर. चक्की बंद. सासूबाईंनी सांदीतलं जातं काढलं, तर खुंटा कुजलेला. नवा बसवून द्यायला गावात सुतार उरलेला नाही. सगळं गाव एका हापशीवर, रात्री बारालाही पाण्याच्या गुंडांची (भांड्यांची) रांग.

जिवाला लागलं ते एका बाळंतिणीचं. घरकुलाचा स्लॅब, पंचेचाळीसच्या वर ऊन, कूलर बंद. बाळ रडून रडून निपचित व्हायचं. शेवटी दोघांना आमच्या जुन्या कवेलूच्या (कौलारू) घरात आणलं. मातीच्या जाड भिंती, अंगणात निंब. तिथं बाळ झोपलं. ते घर पाडायचं आम्ही दिवाळीनंतर ठरवलं होतं. आता पाडणार नाही.

शाळेवर सोलर आहे म्हणून लोक तिकडे धावले, तर तेही बंद. असं का, कोणी सांगेल का?

चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं वीजकेंद्र, कोळसा आपल्याच विदर्भाच्या भुईतला. त्यामुळे वीज कधी कमी पडेल हा विचारच आम्ही केला नव्हता. डीपी तरी अकरा दिवसांनी आली. पण डिझेल, सिलिंडर, युरिया हे वर्षावर्षाला महागत गेलं, मिळेनासं झालं, तर? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा आहे. पहिलं पाऊल कोणतं असावं?

सोलरमिस्त्री, यवतमाळ
ताई, शाळेचं सोलर बिघडलेलं नव्हतं. ते लाईनला जोडलेलं असतं आणि लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तसं नसतं तर खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या छतावरचा करंट लागला असता. लाईन नसताना चालवायचं तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर पाहिजे. पूर्ण शाळेचा खर्च करू नका. एक खोली धरा: चार पंखे, दिवे, मोबाइल चार्जिंग. उन्हाळ्यात बाळंतीण, म्हातारी माणसं तिथं बसतील. बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, तो पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा टाका.

पाण्यासाठी हापशीच्याच बोअरमध्ये सौर दुहेरी पंप बसतो. वर ५००० लिटरची टाकी, आणि सोलर बंद पडलं तरी हापशी हाताने चालते. मला ही योजना फार आवडते, कारण जुनं काढून टाकावं लागत नाही.

दारव्ह्याचे आजोबा
पोरी, मी एकाहत्तर वर्षांचा. मी सांगतो अन् नातू लिहून देते. सोलर लाव, माही ना नाही. पण सुरुवात ज्वारीपासून कर.

काऊन ते आयक. माह्या लहानपणी आमच्याइथं घरटी बैलजोडी होती. वखरणं, तिफनीनं पेरणं, डवरणं म्हंजे डवऱ्यानं तण काढणं, बंडीनं कापूस दारव्ह्याले नेणं, सारं बैलाच्या खांद्यावर. दारव्ह्याहून पुढं शकुंतला गाडी होती. १९९४ परेंत ते कोळशाच्या इंजनावर चाले, मंग डिझेल आलं, आता गाडीच बंद हाय. बैल कशावर जगे? कडब्यावर. अन् कडबा ज्वारीचा. पह्यले ठेंगणी संकरित ज्वारी आली, दाणा लय, कडबा थोडका. मंग सोयाबीन आलं अन् ज्वारी गेलीच. सोयाबीनच्या कुटारावर कामाचा बैल निभत नाही. कडबा सरला तसे लोकायनं बैल इकले. बैल गेले तं शेण गेलं. शेण गेलं म्हणून युरियाच्या थैल्या वाढल्या, गोवऱ्या गेल्या म्हणून सिलिंडर आलं, जोडी गेली म्हणून ट्रॅक्टरचं भाडं. युरिया बी गॅसपासूनच बनते म्हणते नातू. एक पीक बदललं अन् गाव चारही अंगानं बाहेरच्या तेलावर गेलं.

पण एकट्यानं पेरू नको. पाखरं अन् रानडुकरं एकट्याचं वावर ठेवत नाहीत, त्याच्यापायीच तं लोकायनं सोडली. आम्ही सात जण तीन सालापासून धुऱ्याले धुरा (बांधाले बांध) लावून एकेक एकर पेरतो, उंच गावरान वाण. राखणीच्या पाळ्या बांधल्या. त्या कडब्यावर सात जणांत मिळून दोन जोड्या ठेवल्या. जोडी लाखाच्या वर गेली, एकट्याले झेपत नाही. एक जोडी दिवसाले तीन एकर डवरते. झड उघडल्यावर काळ्या मातीत ट्रॅक्टर फसते, बैल दोन दिवस अगुदर वावरात जाते.

गॅस बांधणारा गवंडी, सेलू
आजोबांचं शंभर टक्के खरं. मी शेणगॅसचे घुमट बांधतो. शेण नसताना अनुदानापायी बांधलेले किती घुमट आज पाला टाकायला वापरतात, ते पाहून वाईट वाटतं. दोन घनमीटरच्या दीनबंधू पद्धतीच्या घुमटाला रोज पन्नास किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. देशी जनावर बांधून असेल तर दहा किलोच्या आसपास शेण हाती येतं, म्हणजे पाच जनावरं. तेवढ्यात चार-पाच माणसांचा स्वयंपाक निघतो, आणि निघालेल्या मळीचं खत उकिरड्याच्या शेणापेक्षा चांगलं.

ताई, नवीन बांधण्याआधी गावातले बंद गॅस मोजा. बहुतेकांना आतल्या गिलाव्याची चीर असते नाहीतर पाइपात पाणी साचलेलं असतं. ते दुरुस्त होतं. माझी काळजी वेगळी आहे. आमच्या भागात हे काम येणारे आम्ही दोघेच राहिलो, आणि दोघंही पन्नाशीपुढचे. तुमच्या गावची दोन पोरं पाठवा. जेवण माझ्याकडे, मी शिकवतो.

धानोऱ्याहून
एका ग्रामसभेत ठराव करून मोकळ्या होऊ नका. आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क, मिळाला. त्याआधी कित्येक वर्षं तिथली माणसं अभ्यासगटात बसून बोलत होती आणि निर्णय सर्वसहमतीनेच घेत होती. बायकांना आधी बोलू द्या. पाणी आणि सरपण कुठून येतं हे त्यांना पाठ असतं.

आर्वीकडची ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, तुमचं वाचलं आणि गेल्या काही संध्याकाळी वहीत जनावरं लिहायला घर-घर फिरले. सव्वादोनशे घरांत बैलजोड्या अकरा. शेणगॅस नऊ, चालू एक. ज्वारी कोणीच पेरत नाही, फक्त एका म्हातारीने परसात खायला म्हणून वीस-पंचवीस ताटं ठेवली आहेत.

शाळेची एक खोली आणि हापशीवरचा पंप हे ग्रामसभेत मांडते, त्यावर वाद होणार नाही. ज्वारीचं मात्र आधी बचत गटात बोलते. आमच्यातल्या सहा जणींचं शेत नाल्याकडे एका पट्ट्यात लागून आहे. खरिपाची पेरणी झाली, म्हणून रब्बीला अर्धा-अर्धा एकर करून पाहू. गवंडी भाऊ, दोन पोरं तयार आहेत, त्यातली एक मुलगी आहे. चालेल ना?

आणि आजोबा, तुमच्या गावरान वाणाचं चार पायली बियाणं मिळेल का? रब्बीला ते चालत नसेल तर पुढच्या खरिपासाठी जपून ठेवते. मी स्वतः एसटीने दारव्ह्याला येते.

दारव्ह्याचे आजोबा
ये पोरी. हे खरिपाचं वाण हाय, रब्बीले दुसरं पाहा लागते. कणसं निवडून टांगून ठेवतो. मुलीले नक्की पाठव म्हणा गवंड्याकडं.