साखर आटोक्यात आहे, तरी आईला खुर्चीतून उठता येत नाही

प्रश्न
माझी आई ७२ वर्षांची असून तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. तिने रात्रीचे जेवण सोडल्यापासून वजन उतरले आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.४ वर आले. परंतु आता हातांचा आधार घेतल्याशिवाय तिला खुर्चीतून उठता येत नाही. रिपोर्ट चांगले असताना पायांतली ताकद का जावी?

उत्तर १
जेवणानंतर इन्शुलिनच्या मदतीने रक्तातून उचलली जाणारी बहुतांश साखर स्नायूंतच जाते, आणि उतारवयात उपाशी राहून वजन कमी केले की चरबीबरोबर हे स्नायूही झडतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय माणूस सडपातळ दिसला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणजे आपल्याकडे ही शिल्लक मुळातच थोडी. हाताची घडी घालून खुर्चीतून सलग पाच वेळा उठण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास आशियाई निकषांनुसार शारीरिक क्षमता घटलेली मानतात. तुमच्या आईंना एकदाही उठता येत नसेल, तर हे म्हातारपणच आहे असे म्हणून सोडून देऊ नका.

उत्तर २
त्या कोणत्या गोळ्या घेतात? ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असताना रात्री उपाशी राहणे धोक्याचे आहे, कारण साखर एकदम उतरली की चक्कर येऊन पडण्याची भीती असते, आणि या वयात खुब्याचे हाड मोडले तर पुन्हा पूर्वीसारखे चालता येईलच असे नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी १२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते; पाय बधिर होत असतील तर तेही तपासून घ्या.

उत्तर ३
अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित चालणे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण कमी आढळले. सुरुवात उंच खुर्चीतून, जवळ कोणीतरी उभे असताना, उठण्याच्या सरावाने करावी. मूत्रपिंडे ठीक असल्यास वृद्धांनी रोज वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे तज्ज्ञ सुचवतात. घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, अंडी यांनी ती भरून काढता येतात.

प्रश्नकर्ता
ग्लिमेपिराइड चालू आहे. आज रात्रीपासून तिचे जेवण पुन्हा सुरू करतो आणि गोळ्यांच्या मात्रेविषयी उद्याच डॉक्टरांशी बोलतो.